नवे फीचर आले. चालू करायचे का? पॉवर प्लॅटफॉर्मचे अपडेट पारखण्याची पद्धत

प्रश्न थोडक्यात असा: एका मध्यम कारखान्यात पॉवर ॲप्सवर (मायक्रोसॉफ्टचे कमी कोडमध्ये ॲप बनवायचे साधन) केलेली ४० ॲप आणि पॉवर ऑटोमेटचे दीडशेच्या आसपास फ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्या, आहेत; ही दोन्ही साधने पॉवर प्लॅटफॉर्मचा भाग. गेट पास, रजा, खरेदीची मंजुरी, मशीनची देखभाल हे सगळे त्यांवर चालते. सांभाळणारे दोघेच. दर सहा महिन्यांनी मायक्रोसॉफ्टकडून नव्या फीचरांची लांबलचक यादी येते. त्यातले काय तपासायचे, कसे तपासायचे, आणि मॉडर्न कंट्रोल (नव्या रूपातली बटणे, रकाने वगैरे) व कोपायलट (एआय मदतनीस) आत्ता चालू करावेत का?

यादी वरून खाली वाचायला बसू नका. आठवडा जाईल आणि हाती उत्साह किंवा धास्ती यांपलीकडे काही लागणार नाही. ‘फीचर चांगले आहे का’ हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. आधी एवढेच पाहायचे, की याचे बटण कोणाच्या हातात आहे? मायक्रोसॉफ्टच्या हातात असेल तर तुम्हाला निवड नाही, फक्त तारीख आहे. तुमच्या हातात असेल तर घाई नाही. पहिली चाळणी या एका प्रश्नावर लावली की दोघांना झेपेल एवढेच काम उरते.

वेळापत्रक आणि मार्चअखेर

वर्षात दोन रिलीज वेव्ह, म्हणजे नव्या फीचरांचे हप्ते, असतात: पहिली एप्रिल ते सप्टेंबर, दुसरी ऑक्टोबर ते पुढच्या वर्षीचा मार्च. आराखडा आधी प्रसिद्ध होतो आणि वेव्ह सुरू होण्याच्या सुमारे दोन महिने आधी ‘अर्ली ॲक्सेस’ (फीचर आधीच चालू करून पाहण्याची सोय) खुला होतो, म्हणजे फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या आसपास. चाचणीचे महिने तेच. आपल्याकडे पहिली वेव्ह नेमकी आर्थिक वर्षअखेरीवर येऊन आदळते. खरेदी आणि हिशेब विभाग मार्चचे शेवटचे पंधरा दिवस कोणालाही उभे करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या ॲपची चाचणी फेब्रुवारीतच उरकावी. १५ मार्च ते १० एप्रिल या काळात तुमच्या हातातले एकही बटण दाबायचे नाही असा नियम करून टाकावा.

आराखड्यातली तारीख हा वायदा नसतो. फीचर पुढे ढकलले जाते, कधी यादीतून गळते. म्हणून तुमच्या तक्त्यात ‘पहिल्यांदा जाहीर झालेली तारीख’ आणि ‘आजची तारीख’ असे दोन रकाने ठेवा. दोनदा पुढे गेलेल्या फीचरवर एखाद्या नव्या ॲपची रचना बेतू नये. ‘ते येणारच आहे, तोवर तात्पुरते असे करू’ म्हणून बांधलेली तात्पुरती सोय मग वर्षानुवर्षे तशीच राहते.

वेव्हच्या बाहेरही बदल येत राहतात. पॉवर ॲप्स स्टुडिओ (ॲप जिथे बनवतात तो संपादक) आणि डेटाव्हर्स (पॉवर प्लॅटफॉर्मचा डेटाबेस) यांचे लहान अपडेट सतत उतरत असतात, आणि त्यांची खबर आराखड्यात नसते. ती ॲडमिन सेंटरमधल्या मेसेज सेंटरमध्ये येते. दोघांपैकी एकाने दर सोमवारी वीस मिनिटे तिथे घालवायची. त्या सूचनांचे ईमेल एकाच्या खासगी इनबॉक्सऐवजी सामायिक मेलबॉक्समध्ये वळवा, नाहीतर तो रजेवर गेला की महत्त्वाची सूचना त्याच्या इनबॉक्सात पडून राहते.

तीन ढीग

आराखड्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे ते फीचर कोणासाठी आणि कसे चालू होणार हे लिहिलेले असते. त्या रकान्यात तीन प्रकार येतात.

‘वापरकर्त्यांना आपोआप’ हा पहिला ढीग. एका सकाळी स्टोअरमधल्या माणसाच्या पडद्यावर काहीतरी हललेले असेल आणि तो तुम्हाला फोन करील. हा ढीग पूर्ण, एकेक नोंद वाचायची. सुदैवाने तो सर्वांत लहान असतो. अर्ली ॲक्सेसचा खरा उपयोगही याच ढिगासाठी आहे.

‘ॲडमिन, मेकर, विश्लेषक यांना आपोआप’ हा दुसरा. वापरकर्त्याला काही दिसत नाही, पण ॲप बनवणाऱ्याच्या हाताशी नवे बटण येते. हा ढीग निरुपद्रवी वाटतो, पण बारीक गोंधळ इथूनच सुरू होतात. तुमच्या कारखान्यात दोघांशिवाय आणखी कोणी ॲप बनवते का? असेल, तर ते फीचर त्यांच्याही हाती तुमच्याच दिवशी पडते. डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये (एन्व्हायर्नमेंट म्हणजे ॲप, फ्लो आणि डेटा यांचा स्वतंत्र कप्पा) तर कंपनीतला प्रत्येक परवानाधारक मेकर असतो. महत्त्वाची ॲप अजून तिथेच असतील तर फीचरचा विचार नंतर करा. आधी ती सोल्यूशनमध्ये (ॲप व फ्लो एकत्र हलवायच्या गाठोड्यात) घालून स्वतंत्र एन्व्हायर्नमेंटमध्ये हलवा.

‘ॲडमिनने चालू केल्यावर’ हा तिसरा आणि बहुधा सर्वांत मोठा. यातले तुम्ही काही केले नाही तर काहीच घडत नाही. गरज पडली तरच उघडा. कोणत्या विभागाची कोणती तक्रार यातून सुटते हे एका ओळीत लिहिता आले नाही, तर ती नोंद पुढच्या वेव्हपर्यंत मिटवून ठेवा.

पहिल्या दोन ढिगांतल्या प्रत्येक नोंदीपुढे एक आकडा लिहायचा: आपली किती ॲप किंवा फ्लो याला शिवतात? त्यासाठी ॲप आणि फ्लोंची जंत्री हवी: नाव, मालक, एन्व्हायर्नमेंट, वापरलेले कनेक्टर (दुसऱ्या सेवांशी जोडणारे दुवे), ट्रिगरचा प्रकार (फ्लो कशाने सुरू होतो), रोजचे वापरकर्ते. ॲडमिन सेंटरमधून आणि मायक्रोसॉफ्टच्या मोफत सीओई (सेंटर ऑफ एक्सलन्स) स्टार्टर किटमधून यातले बरेच निघते. ‘बंद पडले तर कोणते काम थांबते’ हा रकाना मात्र विभागांना विचारूनच भरावा लागतो. जंत्री नसेल तर या वेव्हचे सगळे मूल्यमापन सोडा आणि तीच करा. ४० ॲपसाठी दोघांना तीन-चार दिवस पुरतात.

प्रिव्ह्यू म्हणजे काय, आणि स्विच कुठे असते

कॅनव्हास ॲपच्या (ज्याचा पडदा आपण स्वतः मांडतो अशा ॲपच्या) सेटिंगमध्ये ‘अपडेट्स’ हे पान आहे. त्यात न्यू, प्रिव्ह्यू, एक्स्पेरिमेंटल आणि रिटायर्ड असे भाग आहेत. ही स्विचे ॲपगणिक असतात हे लक्षात ठेवा. एक्स्पेरिमेंटल मुळात बंद असते आणि कधीही बदलू शकते किंवा काढूनही टाकले जाते. प्रॉडक्शनमधल्या, म्हणजे खऱ्या वापरातल्या, ॲपमध्ये ते कोणत्याही कारणाने चालू करू नये. प्रिव्ह्यूसुद्धा प्रॉडक्शनसाठी नाही असे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते.

तरी प्रिव्ह्यू गुपचूप आत शिरते, ते असे. काही स्विचे नव्या ॲपसाठी आधीच चालू असतात आणि जुन्या ॲपमध्ये बंदच राहतात. त्यामुळे जानेवारीत केलेले ॲप आणि जूनमध्ये त्याच धर्तीवर केलेले ॲप यांत एकच सूत्र वेगळे वागू शकते. सूत्रात काही चूक सापडत नाही, तास वाया जातात. अशा वेळी दोन्ही ॲपचे अपडेट्स पान शेजारी उघडून स्विचे जुळवा. नवे ॲप उपयोगात आणण्याआधी या पानाचा स्क्रीनशॉट सोल्यूशनच्या टिपणात ठेवण्याची सवय लावा.

रिटायर्ड भागातले एखादे स्विच तुमच्या ॲपमध्ये चालू असेल तर ते उधारीवरचे दिवस आहेत. जुन्या वागण्यावर ॲप टिकून आहे, आणि ती सोय जाणार हे ठरलेले आहे. अशी ॲप जंत्रीत लाल करून ठेवा.

आणखी एक फसगत. आठ महिने न उघडलेल्या ॲपमध्ये एका लेबलातले अक्षर सुधारून तुम्ही पुन्हा पब्लिश करता, तेव्हा नुसते अक्षर बदलत नाही. ॲप आजच्या स्टुडिओच्या आवृत्तीत येते आणि मधल्या आठ महिन्यांचे बदल एकदम पदरात पडतात. म्हणून ‘छोटीच दुरुस्ती’ शुक्रवारी संध्याकाळी करू नये. सेटिंगमध्ये ऑथरिंग व्हर्जन मागची निवडता येते. गडबड स्टुडिओच्या नव्या आवृत्तीची आहे की तुमच्या दुरुस्तीची, हे ओळखायला ती उपयोगी पडते. महत्त्वाची ॲप तिमाहीला एकदा, काही बदल नसला तरी, सँडबॉक्समध्ये (चाचणीच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये) उघडून, तपासून पुन्हा पब्लिश करावीत. म्हणजे बदलांची थकबाकी साचत नाही.

परवाना आधी, चाचणी नंतर

फीचर तपासून, आवडून, विभागाला दाखवून झाल्यावर ते प्रीमियम परवान्यावरच चालते असे कळणे, यासारखी फुकट गेलेली मेहनत नाही. म्हणून हे आधी पाहा. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या परवान्यासोबत मिळणाऱ्या पॉवर ॲप्समध्ये स्टँडर्ड कनेक्टर चालतात. ॲपमध्ये एकही प्रीमियम कनेक्टर आला, किंवा डेटा डेटाव्हर्समध्ये गेला, की ते ॲप वापरणाऱ्या प्रत्येकाला प्रीमियम परवाना लागतो. फक्त त्या पडद्यावर जाणाऱ्याला लागतो असे नाही. पॉवर ॲप्स प्रीमियमची जाहीर किंमत माणशी महिन्याला २० डॉलर धरली तर १२० वापरकर्त्यांचे वर्षाला २८,८०० डॉलर होतात. तुमचा करार आणि रुपयांतला दर वेगळा असेल, पण गुणाकार हाच. एकाच सर्व्हिस अकाउंटमधून सगळ्यांचे काम करून परवाने वाचवण्याची युक्ती नियमांत बसत नाही. तिला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात, आणि तपासणीत ती सापडते.

कनेक्टरचा वर्गही कायमचा नसतो. एसक्यूएल सर्व्हरचा कनेक्टर २०१९ मध्ये स्टँडर्डमधून प्रीमियममध्ये गेला. त्यामुळे ‘आज फुकट आहे’ हे एखाद्या मोठ्या रचनेचे एकमेव कारण असू नये.

फ्लोसाठी रोजच्या विनंत्यांचा हिशेब करा. मायक्रोसॉफ्ट ३६५ सोबतच्या परवान्याला २४ तासांत ६,००० आणि प्रीमियमला ४०,००० अशी अधिकृत मर्यादा आहे. फ्लोची प्रत्येक पायरी मोजली जाते, फसून पुन्हा केलेला प्रयत्नसुद्धा. नव्या कृतीमुळे लूपमध्ये दोनच्या तीन पायऱ्या झाल्या आणि लूप २,५०० ओळींवर फिरत असेल, तर ५,००० च्या ७,५०० होतात. काल चालणारा फ्लो आज मर्यादेबाहेर. सध्या अंमल सैल वाटला तरी गणित अधिकृत आकड्यावरच करावे.

सँडबॉक्समध्ये काय करायचे

क्रम असा: प्रॉडक्शनची कॉपी सँडबॉक्समध्ये घ्यायची आणि अर्ली ॲक्सेस त्या कॉपीत चालू करायचा. ॲडमिन सेंटरमध्ये एन्व्हायर्नमेंट उघडले की ‘अपडेट्स’ या चौकटीत ते बटण असते. एकदा चालू केले की मागे घेता येत नाही. प्रॉडक्शनवर कोणी ‘बघू तरी’ म्हणून दाबले तर ती वेव्ह तुमच्याकडे त्याच दिवशी आली. ॲडमिनचा अधिकार किती जणांकडे आहे हे त्याआधी मोजा; दोनच हवेत.

कॉपीसाठी डेटाव्हर्सची किमान १ जीबी जागा मोकळी लागते. फक्त रचना आणि कस्टमायझेशन घेणारी कॉपी लवकर होते, पण वेग तपासायचा असेल तर डेटासह पूर्ण कॉपी घ्या. कॉपी झाल्यावर ते एन्व्हायर्नमेंट ॲडमिनिस्ट्रेशन मोडमध्ये असते, पार्श्वभूमीची कामे बंद असतात आणि फ्लोही सुरुवातीला बंद असतात. हे तुमच्या भल्यासाठीच आहे. सगळे एकदम चालू करण्याआधी तीन गोष्टी करा.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (पत्त्यांसारखी, एन्व्हायर्नमेंटगणिक बदलायची मूल्ये) तपासा. त्यांत खऱ्या शेअरपॉइंट साइटचा पत्ता तसाच राहिलेला असतो, आणि चाचणीतली ‘अ ब क’ नावाची रजा खऱ्या यादीत जाऊन बसते. चाचणीतला सर्वांत महाग अपघात हाच. मग कनेक्शन नव्याने जोडा, पण चाचणीच्या खात्यातून. आणि ईमेल पाठवणाऱ्या प्रत्येक फ्लोत पत्ता व्हेरिएबलमधून येईल असे करून तो एका चाचणी मेलबॉक्सकडे वळवा. पुरवठादाराला खोटी पर्चेस ऑर्डर गेली की दिलगिरीचा ईमेल लिहावा लागतो.

चाचणी ॲडमिनच्या खात्यातून करू नका. ॲडमिनला सगळे दिसते, सगळे चालते. प्रत्येक भूमिकेचे एक साधे खाते ठेवा: ऑपरेटर, सुपरवायझर, मंजुरी देणारा, हिशेबनीस. नव्या फीचरची बहुतेक भांडणे परवानगीशी असतात, आणि ती याच खात्यांत दिसतात.

डेटा पुरेसा हवा. ज्या सूत्राचे काम डेटासोर्सकडे सोपवता येत नाही, ते ॲपमध्ये पहिल्या ५०० ओळींवरच चालते. सेटिंगमध्ये ही मर्यादा २,००० पर्यंत वाढवता येते, पुढे नाही. त्यापलीकडच्या ओळी गुपचूप वगळल्या जातात, लाल पट्टी वापरकर्त्याला दिसत नाही. चाचणीच्या यादीत ४० ओळी असतील तर प्रत्येक फीचर उत्तम चालते. किमान ३,००० ओळी ठेवा आणि शोधायची नोंद मुद्दाम शेवटच्या शंभरात ठेवा. नवे कंट्रोल किंवा नवे फंक्शन आले की ते डेलिगेट होते का, म्हणजे डेटासोर्सकडे सोपवले जाते का, आणि तुमच्याच डेटासोर्सवर होते का, हे पाहायचे. शेअरपॉइंटवर आणि डेटाव्हर्सवर उत्तर वेगळे येऊ शकते.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक फेरी लागते; परदेशातल्या चाचणी-याद्यांत ती सापडणार नाही. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर म्हणूनही साठवले जाते आणि ‘अ’, अदृश्य जोडचिन्ह व चंद्र असे मिळूनही. दिसायला दोन्ही सारखीच. ‘ऱ’चेही तसेच: एक स्वतंत्र अक्षर, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता. फोनच्या कीबोर्डवरून एक येते, संगणकावरून दुसरे. मग ‘कऱ्हाड’ शोधले की अर्धेच पुरवठादार सापडतात. शोध किंवा क्रमवारीशी संबंधित प्रत्येक अपडेटनंतर दोन्ही प्रकारची पाच-पाच नावे घालून शोधा. पीडीएफ किंवा छपाईचे फीचर असेल तर क्ष, ज्ञ, ट्र, र्‍य, ह्म ही अक्षरे असलेला एक परिच्छेद तयार ठेवा आणि तो छापूनच पाहा. पडद्यावर जोडाक्षर नीट दिसते आणि पीडीएफमध्ये तुटते, हे नेहमीचे आहे. तारखांसाठी ०५/०४ ही नोंद करून बघा: ५ एप्रिल दिसते की ४ मे? १२ नंतरचा दिवस घेतला तर ही चूक पकडली जात नाही.

वेग मोजायला पॉवर ॲप्समधले ‘मॉनिटर’ हे साधन वापरा. एकच पडदा, एकच खाते, तोच डेटा. आधी आणि नंतर प्रत्येकी पाच वेळा. सरासरी काढू नका, मधला आकडा घ्या, कारण एखादी वेळ उगाच फार मोठी येते. पहिल्यांदा उघडायला लागणारा वेळ वेगळा नोंदवा. वेळेबरोबर सर्व्हरला गेलेल्या कॉलची संख्याही लिहा. ऑफिसच्या वायफायवर फरक जाणवत नाही. कॉल बाराचे तीस झाले की गोदामातल्या कमकुवत नेटवर्कवर तोच पडदा रखडतो. आणि हो, चाचणी शॉपफ्लोअरवर खरोखर वापरात असलेल्या जुन्या अँड्रॉइड फोनवर करा. तुमच्या टेबलावरच्या नव्या फोनने केलेली चाचणी तुमच्याच समाधानापुरती.

परतीची वाट

चालू करण्याआधी ‘बंद कसे करायचे’ हे लिहून ठेवा. कॅनव्हास ॲपची मागची आवृत्ती परत आणता येते, पण ती सहा महिन्यांच्या आतली हवी. त्याहून जुनी लागेल अशी शंका असेल तर सोल्यूशन एक्स्पोर्ट करून फाइल जपून ठेवा.

डेटाव्हर्सच्या रचनेत बदल झाला असेल तर वाट अरुंद होते. आपोआप घेतले जाणारे बॅकअप साध्या एन्व्हायर्नमेंटसाठी ७ दिवसच टिकतात. डायनॅमिक्स ३६५ ची ॲप बसवलेल्या प्रॉडक्शनसाठी २८ दिवस. शिवाय बॅकअप थेट प्रॉडक्शनवर चढवता येत नाही. तो सँडबॉक्सवरच चढतो, किंवा प्रॉडक्शनचा प्रकार आधी बदलून सँडबॉक्स करावा लागतो, आणि तसे केले की जपणूक ७ दिवसांवर येते. जुना बॅकअप हवा असेल तर प्रकार बदलण्याआधीच तो दुसऱ्या सँडबॉक्सवर उतरवून घ्या. घाईत हा क्रम उलटा झाला की तो बॅकअप गेला. शिवाय बॅकअप चढवला की मधल्या दिवसांतल्या सगळ्या नोंदी जातात. दोन दिवसांचे गेट पास पुन्हा कोण भरणार, हे ठरवूनच हा मार्ग धरावा.

नव्यापेक्षा जाणारे मोठे

माझ्या मते मूल्यमापनाच्या वेळेतला निम्मा वेळ नव्या फीचरांना न देता बंद होणाऱ्या गोष्टींना द्यावा. नवे फीचर सहा महिने उशिरा घेतले तर काही थांबत नाही. बंद होणारे हातातून सुटले की एका सकाळी कामच थांबते.

उदाहरण ताजे आहे. पॉवर ऑटोमेटमध्ये एचटीटीपी विनंतीने सुरू होणाऱ्या फ्लोंचे जुने पत्ते ‘लॉजिक डॉट अझ्युअर डॉट कॉम’ या डोमेनवरचे होते. ते बदलून नवे पत्ते घ्यायला ३० नोव्हेंबर २०२५ ही मुदत जाहीर झाली. आपले किती फ्लो याला शिवतात हे ट्रिगरच्या रकान्यावरून दहा मिनिटांत कळते. अवघड भाग पुढे आहे: त्या पत्त्याला हाक कोण मारते? वजनकाट्याचे सॉफ्टवेअर, जुने ईआरपी, एखादी एक्सेल मॅक्रो, टीम्समधला वेबहुक. फ्लोकडे पाहून हे कळत नाही. फ्लोचा रन हिस्टरी २८ दिवसांचाच असतो, म्हणून तिमाहीला एकदा हाक मारणारी यंत्रणा त्यात सापडेलच असे नाही. प्रत्येक हाक मारणाऱ्याची नोंद जंत्रीत हवी: कोण, कुठल्या सर्व्हरवर, कोणत्या फाइलमध्ये पत्ता लिहिलेला आहे. नवा पत्ता बराच लांब असतो, तेव्हा जुन्या यंत्रणेच्या रकान्यात तो पूर्ण मावतो की शेपूट कापले जाते हेही पाहावे. फायरवॉलमध्ये नवे डोमेन उघडावे लागते, आणि ते काम नेटवर्कवाल्यांचे, म्हणजे त्यांची तारीख वेगळी घ्यावी लागते.

‘बंद’ या शब्दाचे अर्थ मात्र नीट वाचा. सेल्सफोर्सने वर्कफ्लो रूल्स आणि प्रोसेस बिल्डर या आपल्या जुन्या ऑटोमेशन साधनांचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच ठेवला. त्यानंतर जुने चालू राहते, फक्त बिघाड झाला तर दुरुस्ती मिळत नाही. शेअरपॉइंट २०१३ वर्कफ्लोसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ठरलेली २ एप्रिल २०२६ ही तारीख निराळी आहे: तिथे वर्कफ्लो चालणेच थांबते. पहिल्या प्रकाराला योजना लागते, दुसऱ्याला मोहीम.

ईआरपीनेक्स्ट वापरत असाल तर बटण पूर्णपणे तुमच्या हातात असते, आणि त्याची जोखीम उलटी असते. मुंबईच्या फ्रॅपेचे हे मुक्त सॉफ्टवेअर आवृत्ती बदलल्याशिवाय बदलत नाही, त्यामुळे लोक वर्षानुवर्षे बदलतच नाहीत. मग तीन आवृत्त्या एकदम ओलांडताना १४ व्या आवृत्तीत मनुष्यबळ आणि पगाराचा भाग वेगळ्या ॲपमध्ये गेला आहे हे पगाराच्या दिवशी कळते. तिथे एकेक आवृत्ती, बॅकअपच्या प्रतीवर, आणि प्रत्येक टप्प्यावर एका जुन्या महिन्याचा पगार पुन्हा काढून जुळवून पाहायचा.

नवे कनेक्टर आणि कोपायलट

नवा कनेक्टर आला की तो डेटा पॉलिसीच्या (कोणते कनेक्टर वापरता येतील हे ठरवणाऱ्या नियमांच्या) डिफॉल्ट गटात जातो. तुम्ही बदलले नसेल तर तो गट ‘नॉन-बिझनेस’ असतो, म्हणजे कोणीही तो वापरून ॲप बनवू शकते. डिफॉल्ट गट ‘ब्लॉक्ड’ करा आणि मागणी आली की एकेक उघडा. दोघांच्या टीमला हे एकच सेटिंग वर्षभर पुरते.

कोपायलटच्या फीचरांना वेगळे मोजमाप लागते, कारण तेच विचारले तरी उत्तर दरवेळी तेच येत नाही. उत्तर आधीच माहीत असलेले तीस प्रश्न तयार करा. दहा मराठीत, दहा इंग्रजीत, दहा कामगार विचारतात तसे मिश्र भाषेत. त्यांत पाच असे घाला की ज्यांचे उत्तर डेटात नाहीच. तिथे ते ‘माहिती नाही’ म्हणते की काहीतरी ठोकून देते, हे पाहायचे. प्रत्येक प्रश्न तीनदा विचारा. दुसरी तपासणी परवानगीची: ऑपरेटरच्या खात्यातून दुसऱ्याच्या पगाराबद्दल विचारा. बहुतेक वेळा कोपायलट नवी भोके पाडत नाही, शेअरपॉइंटवर आधीपासून सगळ्यांना उघड्या असलेल्या फाइल तो शोधून दाखवतो. तिसरी, एन्व्हायर्नमेंटच्या सेटिंगमध्ये डेटा दुसऱ्या प्रदेशात हलवण्याची संमती आहे का ते बघा. कर्मचाऱ्यांची माहिती त्यातून जात असेल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय आयटीने एकट्याने घेऊ नये. एचआर आणि कायदा पाहणाऱ्यांची लेखी संमती घ्या. चौथी, खर्च: कोपायलट स्टुडिओचे बिल क्रेडिटवर, म्हणजे वापरावर येते. एका विभागाला महिनाभर देऊन मोजल्याशिवाय वर्षाचा आकडा वरिष्ठांना सांगू नका.

तुमच्या दोन थेट प्रश्नांचे उत्तर

कोपायलट आत्ता फक्त तुम्हा दोघांसाठी, सँडबॉक्समध्ये, सूत्रे आणि फ्लोचा कच्चा आराखडा लिहायला चालू करा. शॉपफ्लोअरला वरचे तीस प्रश्न पास झाल्याशिवाय नाही.

मॉडर्न कंट्रोल नव्या ॲपमध्ये, तेही मंजुरीसारख्या साध्या फॉर्मच्या ॲपमध्ये वापरून बघा. चालू असलेल्या ४० ॲपना हात लावू नका. जुने कंट्रोल बदलून नवे टाकणे हे रंग बदलण्याइतके सोपे नाही: कंट्रोल पुन्हा मांडावे लागते, प्रॉपर्टींची नावे जुळतीलच असे नाही, आणि त्या कंट्रोलला नावाने बोलावणारे प्रत्येक सूत्र तपासावे लागते. एका पडद्यावर वीस कंट्रोल असतील तर अर्धा दिवस धरा, वर चाचणी वेगळी. एकाच पडद्यावर अर्धे जुने, अर्धे नवे असे मिश्रण तर नकोच. फॉन्ट, उंची आणि कडा जुळवता जुळवता वेळ जातो. देखभालीचे ॲप पुढच्या वर्षी नव्याने लिहायचेच असेल तर मॉडर्न कंट्रोल तेव्हा आणा. तोवर तक्त्यात त्यापुढे ‘आत्ता नको’ लिहा, कारण लिहा, आणि पुन्हा पाहण्याची तारीख म्हणून ऑगस्टचा पहिला सोमवार टाका.